घिब्ली की डेटोना: मोदेनात दोन दिवस, रॅम्पवर आणि घाटात

सकाळी साडेसातला इटलीतल्या मोदेनात वर्कशॉपचं शटर वर गेलं की पहिलं काम एकच. बॉनेट उघडायचं आणि सिलिंडर हेडवर तळहात टेकवायचा. दोन्ही गाड्यांची हेडं गार होती. विकणाऱ्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. गरम इंजिन चटकन सुरू होतं, धूर दिसत नाही, चेनचा आणि टॅपेटचा आवाज दबून जातो. हेड कोमट लागलं तर त्या दिवशी तपासणी करायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं.

गाड्या होत्या १९७१ ची मासेराती घिब्ली एसएस, म्हणजे मोठ्या इंजिनाची घिब्ली, आणि १९७० ची फेरारी ३६५ जीटीबी/४, जिला सगळं जग डेटोना म्हणतं. एका संग्राहकाला दोहोंतली एकच घ्यायची होती आणि कुठली ते आम्ही दोन दिवसांत सांगायचं होतं. हा पेच नेहमीचा आहे. घिब्ली १९६६ च्या तुरीन प्रदर्शनात आली, डेटोना १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनात. दोन्हींचं इंजिन पुढे, दोन्हींना ड्राय संप (ऑइल इंजिनाच्या तळाऐवजी वेगळ्या टाकीत), दोन्ही दोन माणसांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन दिवसभर सुसाट पळायला बांधलेल्या. घिब्लीचा आकार घिया या बॉडी बनवणाऱ्या कंपनीत असताना जॉर्जेत्तो जुजारोने काढला, डेटोनाचा पिनिनफारिना या तशाच कंपनीत लिओनार्दो फिओराव्हांतीने. घिब्लीच्या बॉडी तुरीनला घियाकडे बनून मोदेनात यायच्या. डेटोनाच्या बॉडी मोदेनातच स्काल्येत्तीच्या शेडमध्ये ठोकल्या जायच्या.

भावाचं आधी बोलून घेऊ, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. चांगली डेटोना कूपे आज घिब्लीच्या अडीच-तीन पट भावाने जाते. एसएस असेल तर अंतर थोडं कमी होतं. पण गंजलेला पत्रा कापून नवा बसवायला, रंग काढून पुन्हा चढवायला, सीटचं चामडं बदलायला मोदेनाचा कारागीर दोन्ही गाड्यांना सारखेच तास लावतो आणि सारखेच पैसे घेतो. त्यामुळे सडकी घिब्ली दुरुस्त करून विकली तर खर्च वसूल होत नाही. डेटोनात मोठं काम निघालं तरी गाडीची किंमत तो खर्च पोटात घेते. म्हणून घिब्ली घ्यायची तर बॉडीचं काम पूर्ण झालेली आणि फोटोंसकट त्याचे पुरावे असलेली. डेटोना घ्यायची तर मूळ नंबरांची, न कापलेली, मग इंजिनाचं काम बाकी असलं तरी चालेल. आमची तपासणी या हिशोबानेच ठरते. घिब्लीत जास्त वेळ पत्र्याला द्यायचा, डेटोनात इंजिनाला आणि कागदांना.

घिब्ली रॅम्पवर घेण्याआधी जमिनीवर असतानाच रंगाची जाडी मोजली. मीटर पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारा हवा. हाताने मारलेला चांगला रंग १०० ते २५० मायक्रॉन भरतो. एकदा पुन्हा रंगवलेली गाडी ३००-४०० पर्यंत जाते, त्यात वावगं काही नाही. ५००-६०० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे. छतावर आणि बॉनेटवर १८० ते २४० मिळाले. दोन्ही दारांच्या खालच्या हातभर पट्ट्यात ४५०. डाव्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पट्टीवर, मागच्या चाकाच्या पुढे वीतभर अंतरात, ११००. तिथं बोटाच्या पेराने टकटक केलं तर आवाज भद्द. उजव्या सिलवर त्याच जागी पत्र्याचा खणखणीत आवाज आला.

अशा वेळी पुट्टीच्या खाली काय आहे ते रंग न खरवडता कसं कळेल? दार उघडायचं, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे सिलखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक हलकेच लावायचा, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत. मग दार बंद करून बघायचं. मजबूत गाडीत दार पूर्वीसारखंच बसतं. इथं दाराची मागची कड वर सरकली, कुलपाची जीभ घासली आणि फट वर तीन मिलिमीटर, खाली सहा झाली. सिल आतून पोकळ झाल्याचा हा पुरावा. या गाड्यांत सिलच्या तळाला पाणी बाहेर जायची भोकं असतात. कुणीतरी गंजरोधक काळा लेप मारताना ती बुजवली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून बाहेर सडतो. वरून गाडी चकचकीत दिसते.

रॅम्पवर चढवल्यावर मागचे पाटे. घिब्लीला मागे अखंड ॲक्सल आणि पाटे आहेत, आणि पाट्याचा पुढचा डोळा जिथं बसतो ती जागा चाकांच्या चिखलाच्या थेट वाऱ्यात येते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघितलं. उजवीकडे घट्ट, डावीकडे टोक पापुद्र्यात दोन मिलिमीटर रुतलं. म्हणजे सिल आणि पाट्याची बैठक, दोन्ही एकाच बाजूला गेलेली. हे काम धरायचं तर गाडी जिगवर, म्हणजे सांगाडा घट्ट धरणाऱ्या चौकटीवर, घ्यावी लागते, नाहीतर कापताना सांगाडा खचतो आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही.

एक गोष्ट नव्या खरेदीदारांना चुकवते. या हाताने ठोकलेल्या बॉडी आहेत. डावी-उजवीकडच्या फटींत एक-दोन मिलिमीटरचा फरक मुळातच असतो. फटी यंत्रातून काढल्यासारख्या एकसारख्या असतील तर उलट जास्त चौकशी करावी. फटीचा आकडा फार सांगत नाही, जॅक लावल्यावर ती किती बदलते ते सांगतं.

घिब्लीचं इंजिन मात्र निर्मळ निघालं. ४९३० सीसीचा व्ही-आठ, ४७१९ सीसीच्या मूळ इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ८५ वरून ८९ मिलिमीटर करून केलेला, कारखान्याच्या आकड्यात ३३५ अश्वशक्ती. आठही सिलिंडरमध्ये दाबाने भरलेल्या हवेची गळती ५ ते ९ टक्क्यांत. या गाडीचा मोठा गुण म्हणजे आतले कितीतरी भाग मासेरातीने बाहेरून घेतलेले आहेत. गिअरबॉक्स झेडएफचा, ब्रेक गर्लिंगचे, मागचा ॲक्सल सॅलिसबरीचा, कार्बोरेटर वेबरचे. सील, बेअरिंग, ब्रेक किट मिळवायला अडचण येत नाही. अडचण येते ती काच, क्रोमच्या पट्ट्या, आतली बटणं यांची, म्हणजे फक्त घिब्लीलाच लागणाऱ्या वस्तूंची. त्यातली एक जरी हरवलेली असेल तर ती मिळेपर्यंत गाडी वर्षभर अडकून पडू शकते. म्हणून यादी हातात घेऊन एकेक वस्तू जागेवर आहे का ते बघितलं. कांपान्योलोची मॅग्नेशियमची चाकं असतील तर ती उतरवून, आतली बाजू धुऊन, भेगा दाखवणारा रंगीत द्रव मारून बघावी लागतात. मॅग्नेशियम ओलाव्याने पांढरं पडतं, पोखरलं जातं आणि ऐन वेगात तडकतं. या गाडीची चारही चाकं ठीक होती.

आता डेटोना. मीटर इथंही लावला, पण वाचन वेगळं. बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, तिथं चुंबक चिकटता कामा नये. दारं आधीच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची, नंतरच्या गाड्यांत पोलादी. ही १९७० ची, त्यामुळे दारावर चुंबक घसरला तेव्हा बरं वाटलं. पुढचं नाक प्लेक्सिग्लासचं आणि त्यामागे स्थिर दिवे. अमेरिकेच्या नियमांमुळे १९७१ पासून उघड-मीट करणारे दिवे आले. मधल्या काळात कित्येक गाड्यांची नाकं इकडची तिकडं बदलली गेली आहेत, म्हणून चेसिस क्रमांकाचा काळ आणि नाक जुळतं का हे पडताळायचंच.

थंड इंजिन सुरू करायची रीत दोन्ही गाड्यांना एकच. चावी फिरवून इलेक्ट्रिक पंपांची टकटक मंदावेपर्यंत थांबायचं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या. ॲक्सिलरेटर तीन-चार वेळा पूर्ण दाबायचा, मग स्टार्टर. धरल्यावर पेडल पंप करत बसू नये, प्लग ओले होतात. पंधराशेच्या आसपास धरून ठेवावं. एक जण आत, एक जण सायलेन्सरपाशी. निळा धूर सुरुवातीला येऊन विरला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. जोर देताना सतत निळा तर रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा असेल तर कूलंट आत जातंय. डेटोनाने चार-पाच सेकंद निळा धूर काढला. पन्नास वर्षांच्या गाडीला एवढं चालून जातं, पण नोंद केली.

ऑइलची पातळी बघताना दोन्ही गाड्यांत एकच चूक होते. ड्राय संपमध्ये ऑइल वेगळ्या टाकीत असतं. गाडी आठवडाभर उभी राहिली की ते झिरपून खाली इंजिनात उतरतं आणि दांडीवर पातळी कमी दिसते. मालक दोन लिटर ओततो. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की पंप सगळं ऑइल टाकीत परत आणतो, टाकी ओसंडते आणि ऑइल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये, तिथून कार्बोरेटरात. मग गाडी धूर काढते आणि कुणीतरी रिंगा गेल्या म्हणून सांगतं. पातळी बघायची ती इंजिन पूर्ण गरम करून, ते आयडलवर चालू असतानाच.

गरम झाल्यावर बाराही प्लग काढून गळतीची चाचणी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, सुमारे ७ बारची हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते घड्याळावर वाचायचं. व्ही-बाराचा फायरिंग क्रम १-७-५-११-३-९-६-१२-२-८-४-१०. याच क्रमाने गेलं की दर वेळी क्रँक फक्त ६० अंश फिरवावा लागतो. घिब्लीच्या आठ सिलिंडरना ९० अंश. क्रँक कायम इंजिनाच्या चालत्या दिशेनेच फिरवायचा. उलटा फिरवला तर कॅमच्या चेनची ताणलेली बाजू सैल पडते आणि वाचन फसतं. एक माणूस पाना धरून उभा हवाच. पिस्टन टोकावरून जरासा हलला तर हवेच्या दाबाने क्रँक झटका देऊन फिरतो आणि मनगट मोडू शकतं.

अकरा सिलिंडर ६ ते ११ टक्क्यांत आले. नववा २८. १० च्या आत उत्तम, २० च्या पुढे कारण शोधायलाच हवं. कारण कानाने कळतं. ऑइल भरायच्या तोंडाशी फुसफुस असेल तर रिंगा, कार्बोरेटरच्या घशातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. इथं सायलेन्सरच्या एका नळीतून बारीक, अखंड शीळ येत होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

इथं लगेच निकाल द्यायचा नसतो. कधी कार्बनचा कण सीटवर अडकलेला असतो, कधी टॅपेट घट्ट असल्याने व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. प्लग लावून इंजिन पुन्हा वीस मिनिटं चालवलं आणि मोजलं, २७ टक्के. मग इंजिन पूर्ण गार होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी कॅमचं झाकण उघडून फीलर गेजने फट बघितली. फट होती. म्हणजे शिम (फट जुळवायची पातळ चकती) बदलून भागणार नव्हतं, व्हॉल्व्हची कड किंवा सीट जळलेली होती आणि हेड उतरवणं आलं. या इंजिनांत ॲल्युमिनियमचं हेड पोलादी स्टडभोवती गंजून चिकटून बसतं. घाई करून पहार घातली तर हेडचा पृष्ठभाग चिरतो. भेदक तेल सोडून, सगळीकडून सारखा ताण देत ते वर घ्यावं लागतं आणि त्यात दिवस जातात. एक हेड निघालं की दुसरंही काढायचं. चोवीस व्हॉल्व्ह, चोवीस गाइड, नव्या गॅस्केट, कॅमच्या दोन्ही चेन बघणं, हा सगळा हिशोब एकत्र मांडला.

कार्बोरेटरांवर फार शाई घालवत नाही. डेटोनात सहा जुळे वेबर म्हणजे बारा घसे, घिब्लीत चार म्हणजे आठ. थ्रॉटलच्या दांडीच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा एक फवारा मारायचा, आयडल बदलला तर दांडी झिजून हवा ओढतेय. मग हवेचा मीटर प्रत्येक घशावर लावून सारखेपणा बघायचा. पण पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे कृपा करून दुर्लक्ष करू नका. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने आतून फुगतं आणि बाहेरून तडे जातात. आणि या नळ्या तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावरून जातात. या जातीच्या गाड्या जळतात त्या बहुधा इथूनच. नळी दोन बोटांत दुमडून बघितली आणि बारीक भेगा दिसल्या तर घाटात जायचं नाही, आधी नळ्या बदलायच्या. घिब्लीत दोन पन्नास-पन्नास लिटरच्या टाक्या आहेत. दोन्हींतून पेट्रोल येतं का ते आळीपाळीने बघावं लागतं, कारण न वापरलेल्या टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ बसलेला असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता. मोदेनातून दक्षिणेला आबेतोनेच्या खिंडीकडे जाणारा राज्यमार्ग १२, पावुल्लोपर्यंत चढ आणि परत. फेरारी आणि मासेराती, दोन्ही कारखान्यांचे चाचणीवाले याच डोंगरांत गाड्या पळवायचे.

घिब्ली ४५९० मिलिमीटर लांब आणि जेमतेम ११६० उंच. बसल्यावर बॉनेट संपतच नाही. जोर खालपासून मिळतो, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून दाबलं तरी कुरकुर न करता उचलते. सपाट रस्त्यावर तिच्याइतकी निवांत गाडी त्या काळात दुसरी शोधावी लागेल. वळणावर डांबर खडबडीत असलं की अखंड ॲक्सल मागे उडी मारतो आणि ते पाट्यांच्या बुशांवर ढकलता येत नाही, ती तिची ठेवणच आहे.

डेटोनाचा गिअरबॉक्स मागे आहे, इंजिनाला टॉर्क ट्यूबने, म्हणजे एका ताठ नळीने, जोडलेला, चारही चाकं स्वतंत्र. हळू चालवताना स्टिअरिंग इतकं जड की पार्किंगमध्ये खांदे भरून येतात. पन्नासच्या पुढे ते हलकं होतं. पहिला गिअर डावीकडे मागे. गिअरबॉक्सचं ऑइल थंड असताना दुसरा पडत नाही. जोर लावायचा नाही, पहिल्यावरून सरळ तिसरा घ्यायचा, दहा-पंधरा किलोमीटरने दुसरा आपोआप पडू लागतो. गरम झाल्यावरही दुसऱ्यात खरखर आली तरच सिंक्रोची, म्हणजे गिअर अलगद पाडणारी, रिंग झिजली समजावं. आमच्या गाडीचा बाराव्या किलोमीटरला मऊ पडला. तिसऱ्यात एकदा ॲक्सिलरेटर दाबून सोडला, पुन्हा दाबला, मागे ठक असा आवाज नाही. ४३९० सीसीचे ३५२ घोडे साडेसात हजारांवर आहेत, पण नववा सिलिंडर आजारी असताना तिथवर न्यायचा हट्ट केला नाही, साडेचार हजारांवर थांबलो.

उतारावर ब्रेक. घिब्ली सरळ थांबली. डेटोना डावीकडे ओढत होती आणि पेडल सोडल्यावरही पुढचं डावं चाक हाताने नीट फिरेना. ही जुन्या रबरी ब्रेक होजची करामत. आतला थर फुगतो, दाब आत जातो पण परत येत नाही. किरकोळ काम.

राहिले कागद. इटलीत वाहन नोंदवहीतून गाडीच्या सगळ्या मालकांचा कालानुक्रमे उतारा काढता येतो, तो मागितलाच पाहिजे. १९८५ पूर्वीची मूळ काळी नंबरप्लेट अजून गाडीवर असेल तर ती जपावी. घिब्लीच्या चेसिस क्रमांकात एएम११५ च्या पुढे ४९ असेल तरच ती एसएस. ४.७ च्या गाडीत नंतर मोठं इंजिन टाकलेलं असू शकतं, पण मूळ गाडीत इंजिनाचा क्रमांक चेसिसच्याच क्रमांकाशी जुळतो. फेरारीच्या त्या काळच्या व्ही-बारा रस्त्यावरच्या गाड्यांचे क्रमांक विषम. ठोकलेल्या आकड्यांभोवती घासकाम किंवा वेल्डिंगची खूण आहे का ते भिंगाने बघितलं. कारखान्याने १२८४ कूपे आणि फक्त १२२ स्पायडर, म्हणजे उघड्या छताच्या, बनवल्या, आणि नंतर बऱ्याच कूपेंची छतं कापून स्पायडर केली गेली. छत उघडं दिसलं की आधी क्रमांक बघा, मग भाव बोला. इंग्लंडात राहणारे आपले कुणी उजव्या स्टिअरिंगची शोधत असतील तर तशा कूपे १५८ च आहेत. फेरारीचा मारानेल्लोतला क्लासिके विभाग आणि २०२१ पासून मासेरातीचाही तसा विभाग कारखान्याची प्रमाणपत्रं देतो. व्यवहाराआधी अर्ज विकणाऱ्याच्या नावे करायला लावावा.

निर्णय डेटोनाचा दिला. घिब्ली चालवायला गोड होती, इंजिन निर्मळ होतं, पण डावी सिल आणि पाट्याची बैठक पाहता तिच्यात घातलेला पैसा परत येणार नव्हता. सिल आधीच केलेली दुसरी घिब्ली मिळेल, तीच घ्यावी असं लिहून दिलं. डेटोनाच्या भावातून दोन्ही हेडचा खर्च, ब्रेक होज, पेट्रोलच्या नळ्या आणि टायर वजा करून घेतले. टायरवर तारखेचे चार आकडे २००८ चे होते. नक्षी भरपूर, रबर लाकडासारखं. मिशलिनचे २१५/७० आकाराचे एक्सडब्ल्यूएक्स पुन्हा बनतात, तेच लावले.

हेड उतरायला नऊ दिवस लागले. नवव्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड तांदळाच्या दाण्याएवढी जळून गेलेली होती आणि गाइड इतका सैल की व्हॉल्व्ह बोटाने हलत होता. गरम वायू सीटवरून तिरका निसटत राहिला तो त्यामुळेच. चोवीस गाइड नवे, सीटा पुन्हा कापलेल्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळे बदललेले. जोडल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलून टॅपेट पुन्हा मोजले. दोन शिम बदलावे लागले, नव्या सीटा बसताना फट कमी होते. गळती आता बाराही सिलिंडरांत ४ ते ७ टक्के आहे. दुसरा गिअर थंडीत अजूनही दहा किलोमीटर झाल्याशिवाय पडत नाही.